बाबांच्या पटावरची माणसं

आमच्या घरात 'पट' हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. वर्गात जितकी मुलं तो पट, पट घसरला की तुकडी बंद, तुकडी बंद झाली की मास्तर 'अतिरिक्त', आणि अतिरिक्त मास्तर म्हणजे जिथे कोणी जायला तयार नसतं तिथे पाठवायचा माणूस, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. त्या काळी बहुतेक शाळा यावर एकच उपाय करत. गाव सोडून गेलेली पोरं, लग्न होऊन सासरी गेलेल्या पोरी, आणि कधीकधी तर जन्मालाच न आलेली पोरं हजेरीवर जिवंत ठेवायची. रोज त्यांच्या नावापुढे 'ह' लिहायचा. तपासणी आली की शेजारच्या गावातून तेवढी पोरं टेम्पोत घालून आणायची. माझे बाबा प्राथमिक शिक्षक होते आणि त्यांनी हे करायला नकार दिला. हेडमास्तर घरी येऊन आमच्या खाटेवर बसून हात जोडत होते, "गुरुजी, चार नावं तं टाका, कोन पाह्यते?" बाबा म्हणाले, "जे पोरगं बाकावर नाही, ते माह्या हजेरीत नाही." बाबांची तुकडी बंद झाली आणि त्यांची बदली मेळघाटातल्या एका आडबाजूच्या शाळेवर झाली. आई आणि मी अमरावतीतच दोन खोल्यांत राहिलो. बाबा शनिवारी संध्याकाळी एसटीने येत आणि रविवारी जेवून परत जात. पुरी बारा वर्षं.

म्हणून माझं लहानपण म्हणजे आईचं लहानपण म्हटलं तरी चालेल, कारण आम्ही दोघीच होतो आणि दोघीही सारख्याच वयाच्या असल्यासारख्या भांडायचो. संध्याकाळी स्टोव्हचा फर्रर्र आवाज, त्यावर भाकरी थापल्याचा थप थप, आणि आईची न थांबणारी बडबड. पहिली भाकर गाईची, मधल्या आमच्या, आणि सगळ्यात शेवटी परातीला चिकटलेलं पीठ बोटांनी खरवडून, पाण्याचा हात लावून, तळहाताएवढी एक भाकर ती थापायची. तवा तापलेला असायचा म्हणून ती जरा जास्त खरपूस व्हायची. तिच्यावर तिखट, मीठ आणि कच्चं तेल. "ये वं बेबी, मागोली घे," ती म्हणायची. मागोली. हा शब्द मी आईखेरीज कोणाच्याच तोंडून ऐकला नाही. तिचं माहेर दर्यापूरकडचं, तिथला असेल, किंवा तिच्या आईने तिच्यासाठी केलेला असेल. बाबांना तो माहीत नव्हता, कारण रविवारी आमच्याकडे भाकरी होतच नसत. रविवारी बाबा यायचे म्हणून पोळ्या, वरण-भात, एखादी गोडाची वाटी. आई त्या दिवशी बोलायचीही कमी. पाहुण्यासमोर बोलतात तसं नीटनेटकं, पुस्तकातलं.

बाबा निवृत्त होऊन घरी आले आणि त्याच वर्षी आई तापाने आठ दिवसांत गेली. समाचाराला आलेल्या बायका तिच्या आठवणी काढत होत्या, ती असं म्हणे, तसं म्हणे. बाबा मधूनच विचारत, "म्हणजे काय?" दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. शेवटी शेजारच्या काकू आमच्याकडच्या सरळपणाने म्हणाल्या, "तुमच्या घरातलं बोलनं तुमालेच माईत नाई व्हय, गुरुजी?" बाबांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड पुठ्ठ्याची एक वही आणली, तिला खाकी कव्हर घातलं आणि वर लिहिलं, 'वऱ्हाडी शब्दसंग्रह'. आत पट्टीने रकाने आखले. शब्द, अर्थ, सांगणाऱ्याचं नाव, गाव. या वहीमागचं कारण मी पुष्कळ वर्षांनी जुळवलं. तेव्हा मला इतकंच वाटलं की म्हाताऱ्याला रिकामपण आलंय. माझा राग होता त्यांच्यावर. तो राग आज नीट सांगायला हवा. त्यांनी चार खोटी नावं लिहिली असती तर ते बारा वर्षं घरी असते आणि आई रोज संध्याकाळी भिंतीशी बोलली नसती, असं मला वाटायचं. मागोली मी त्यांना सांगितली नाही. ती माझी आणि आईची होती, ती त्यांना कशाला द्यायची.

मी तेव्हा कॉलेज करून दुपारभर एका नेट कॅफेत काउंटरवर बसायची. प्लायवूडच्या सहा खोप्या, प्रत्येकीत एक संगणक, आणि वीज गेली की कुंईकुंई करणारा इन्व्हर्टर. मराठीतून गप्पा मारायची संकेतस्थळं तेव्हा नवीन निघाली होती. त्यातल्या एकाला सगळे 'ओटा' म्हणत. मीच बाबांना तिथे नेलं, घरातली त्यांची शांतता मला सहन होत नव्हती म्हणून. त्यांनी एका बोटाने टंकलेखन शिकलं आणि 'ओट्या'वर वऱ्हाडी शब्दांचं सदर उघडलं. रोज दुपारी चारला धुतलेला सदरा घालून ते येत आणि तीन नंबरच्या खोपीत बसत. एक शब्द लिहीत, अर्थ लिहीत, खाली विनंती करत, 'आपल्या गावी यास काय म्हणतात ते कळवावे.' कोणी कळवत नव्हतं. मूर्तिजापूरचे एक इंगळे म्हणून निवृत्त एसटी कंडक्टर होते, ते आठवड्यातून एकदा दोन ओळी लिहीत. बाकी शुकशुकाट. महिन्याभराने संकेतस्थळाच्या चालकांचा निरोप आला, की पंधरा दिवसांत दहा तरी सभासद बोलते झाले नाहीत तर हे सदर बंद करण्यात येईल. बाबा खोपीतून उठून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "इथंही पटच पाह्यतात वं माय," ते म्हणाले, हसले आणि घरी गेले. ते हसणं मला बघवलं नाही. राग एकीकडे, पण तो माझा बाप होता.

त्याच संध्याकाळी मी बाळापूरचे श्यामराव तायडे जन्माला घातले. वय बासष्ट, निवृत्त तलाठी, जरा फटकळ. दुसऱ्या दिवशी अकोल्याचे एक वकील आणि तिथल्याच एका कॉलेजातली पोरगी. आठवडाभरात नऊ जण झाले. जवळजवळ सगळ्यांना मी अकोल्याकडे ठेवलं, कारण अमरावतीचा माणूस म्हटला की बाबा त्याची गल्ली विचारतील, मग घर, मग घरी जातील. बाबा तीन नंबरात बसून शब्द टाकायचे आणि मी काउंटरवरून, हाताच्या अंतरावरून, श्यामराव होऊन त्यांच्याशी भांडायची, वकील होऊन मध्यस्थी करायची. प्लायवूडच्या पलीकडून बाबांचं हसू ऐकू यायचं. आई गेल्यापासून ते हसू मी ऐकलं नव्हतं. "बेबी, हे श्यामराव मोठे नमुनेदार आहेत," ते खोपीतून ओरडायचे. वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त खोप्या चालायच्या, काउंटरचा संगणक बंद पडायचा आणि सगळे सभासद एकदम गप्प व्हायचे, पण बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही, भारनियमन अकोल्यालाही होतंच.

आता असं काम करणाऱ्यांचे कारखाने असतात म्हणतात, यंत्रच हजार माणसं होऊन बोलतं. मी एकटी नऊ जण होते आणि जेवायलाही वेळ मिळत नव्हता. माणसं आहेत म्हटल्यावर त्यांना शब्द द्यावे लागतात. माझ्याजवळचे संपले. मग मी बनवायला लागले. जीप गेल्यावर रस्त्यावर जी धूळ तरंगत राहते तिला 'भुरकुटा'. भर दुपारी भिंतीलगत उरते ती माणूसभर रुंदीची सावली, तिला 'कडसावली'. ही कडसावली बाबांना इतकी आवडली की ते भाजीवाल्याला म्हणाले, "लेका, गाडी कडसावलीत घे ना जरा." भाजीवाल्याने घेतली. बाबा रात्रीच्या जेवणाआधी हे सगळे शब्द शाईच्या पेनाने वहीत उतरवत. शब्द, अर्थ, सांगणाऱ्याचं नाव, गाव. श्यामराव तायडे, बाळापूर. मी समोर बसून तांदूळ निवडायची. एक दिवस इतकी माणसं बोलताना पाहून चालकांनी सदराचं कौतुक केलं. बाबांनी पेढे आणले, आईच्या फोटोपुढे ठेवले.

दहावी होती विमलताई. तिला मी का आणली ते मला नीट सांगता येत नाही. पावसाचे दिवस होते, भाकरी करायचा मला कंटाळा आला होता, आणि परातीला चिकटलेलं पीठ खरवडताना मला हुंदका आला. बाबा पलीकडे वर्तमानपत्र वाचत होते. तेव्हा त्यांना हाक मारून सांगायचं, 'बाबा, याले आई मागोली म्हणे', इतकं सोपं होतं. माझ्या तोंडून ते निघेना. दुसऱ्या दिवशी मी विमलताई केली, राहणार अकोला, आणि तिच्या हातून तो शब्द लिहिला, जसाच्या तसा, तिखट-मीठ-तेलासकट. शब्द दर्यापूरकडचा म्हणून तिचं माहेरही दर्यापूरकडचं दाखवलं, आणि इथेच माझी चूक झाली. आमच्याकडे माहेरचं गाव कळल्यावर कोणी गप्प बसत नाही. कोणाच्या घरची, कोण्या आळीतली, अमक्याला ओळखता का, असं करत करत नातं लागेपर्यंत विचारायचं हा रिवाजच आहे. बाबांनी तीन नंबरातून लगेच लिहिलं, 'माझ्या सौ. चे माहेर आपल्याच भागातील. शांता तिचे नाव. आपण तिला ओळखत होता काय?'

मी काउंटरवर बसले होते. समोर एक गिऱ्हाईक झेरॉक्ससाठी उभं होतं. पलीकडे बाबांची खुर्ची करकरली नाही, म्हणजे ते श्वास धरून बसले होते. मी लिहिलं, 'शांता? ती तर माझ्या वर्गात होती.'

हे वाक्य मी आजही पुसू शकत नाही. पुढचे कित्येक दिवस बाबा विमलताईला विचारत राहिले आणि विमलताई सांगत राहिली. शांता कशी बोलायची, कशाला हसायची, कोणती गाणी म्हणायची. त्यातलं अर्धं खरं होतं, कारण ते मला माहीत होतं, आणि अर्धं मी रचलेलं. बाबा घरी येऊन मलाच सांगायचे, "तुले माहीत आहे का, तुही आई शाळेत लंगडीत पयली येत जाय." मी म्हणायची, "हो का?"

मग बाबांच्या डोक्यात जेवण आलं. आमच्याकडे चार माणसं जमवायची म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे. 'अकोल्यास रोडग्यांचे जेवण करू, शब्द तोंडी ऐकू, ओळख होईल,' असं त्यांनी लिहिलं. मी सभासदांना नाना सबबी सांगायला लावल्या, पण बाबा प्रत्येकाच्या सोयीने तारीख सरकवत गेले. तेव्हा मी विचार केला, आता सगळे होकार देतील आणि आदल्या दिवशी एकेकाला अडचण येईल. पण बाबा दोन दिवस आधीच पिशवी घेऊन अकोल्याला निघून गेले. त्यांचे शिक्षणाच्या वेळचे सोबती वानखडे गुरुजी तिथे राहायचे. नेट कॅफेत आता ते बसणारच नव्हते, तर माझ्या सबबी वाचणार कोण? जेवणाच्या दिवशी मी सकाळच्या एसटीत बसले. रस्ताभर मी बाबांना कसं सांगायचं ते पाठ करत होते.

शहराबाहेर मारुतीच्या देवळामागे निंबाचं झाड होतं. गोवऱ्यांचा आर लाल झाला होता आणि वानखडे गुरुजी धोतर खोचून आरातले रोडगे काठीने फिरवत होते. वांग्याच्या भाजीचा वास सगळीकडे. बाबांनी सतरंज्या टाकून पत्रावळी मांडल्या होत्या, आणि एका कोऱ्या कागदावर पट्टीने रकाने आखून नावं लिहिली होती. सगळ्यात वर विमलताई. "आली वं? बरं झालं. पाणी ठिव सगळ्याईपुढं," ते म्हणाले. पाठ केलेलं सगळं मी विसरले. मी पाणी ठेवलं. अकरा वाजले, बारा वाजले. रस्त्यावर ऑटो थांबला की बाबा उठून उभे राहत.

साडेबाराला एक माणूस आला. खांद्याला जुनी चामड्याची पिशवी, पायात रबरी चपला. मूर्तिजापूरचे इंगळे. त्यांनी वाकून बाबांचे पाय धरले. "गुरुजी, बायको गेल्यापासून बोलाले कोनी नाई. तुमच्यावाल्या ओट्यावर एवढी मानसं पाह्यली, म्हटलं, आपुनही जावं." आणि इकडेतिकडे पाहून म्हणाले, "बाकीचे कुठी आहेत?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तसला चेहरा त्यांनी चाळीस वर्षं वर्गात पाहिला होता, चोरी करून उभ्या राहिलेल्या पोराचा. ते इंगळ्यांना म्हणाले, "लग्नाची तिथी दाट आहे न भाऊ. अडकले असतील." जन्मात खोटं न बोललेला माणूस. इंगळे दोन रोडगे तूप घालून जेवले, बसच्या तिकिटांच्या मागे लिहून आणलेले शब्द त्यांनी बाबांच्या हातात दिले, आणि पुढच्या वेळी सगळे भेटू म्हणून गेले.

वानखडे गुरुजी भांडी विसळायला विहिरीवर गेले. बाबांनी कागद मांडीवर घेतला, चष्मा पुसला आणि हजेरी घ्यावी तसं नाव वाचलं. "श्यामराव तायडे."

"मीच, बाबा."

त्यांनी रकान्यात काही लिहिलं नाही. पुढचं नाव वाचलं. वकील. मीच. कॉलेजातली पोरगी. मीच. ते घाईही करत नव्हते आणि थांबतही नव्हते. सातव्या नावापासून मी नुसती मान हलवली. शेवटी त्यांचं बोट वर गेलं आणि पहिल्या नावावर थांबलं. ते नाव त्यांनी वाचलंच नाही. "हिले तं राहू द्याचं होतं," ते म्हणाले. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, मला रागावलेही नाहीत. परतीच्या एसटीत उरलेल्या रोडग्यांची पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये होती. बोरगाव गेल्यावर ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "ते इंगळे तरी खरे होते न? का त्याईलेही तूच आणलं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वही, लाल पेन आणि पट्टी घेऊन बसले. शाळेत नाव कमी करतात तसं पट्टी धरून एकेका शब्दावर ते रेघ मारत होते. भुरकुटा. कडसावली. इंगळ्यांचे शब्द आले, बाबा थोडे थांबले, आणि त्यांवरही रेघ मारली. मी म्हटलं, "बाबा, ते खरे आहेत." ते म्हणाले, "असतीनही. मले आता कसं समजन?" मग पान उलटलं आणि मागोली आली. मी धावत जाऊन पट्टीवर हात ठेवला.

"हा नका खोडू. हा आईचा आहे. आई रोज मले करून दे, तुमी नसा तवा."

बाबांनी रकान्याकडे बोट केलं. "सांगनारं कोन?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे किती तरी वेळ पाहिलं. त्यांना विश्वास ठेवायचा होता हे मला दिसत होतं, डोळे भरून आले होते त्यांचे. मग त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि रेघ मारली.

पंधरा दिवसांनी 'ओट्या'वरचं ते सदर बंद झालं. बाबा त्यानंतर आठ वर्षं जगले. माझ्याशी बोलायचे, औषधांचं, पाण्याच्या टाकीचं, माझ्या लग्नाचं. आईबद्दल त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. शेवटच्या उन्हाळ्यात, अंथरुणाला खिळलेले असताना, एकदा म्हणाले, "बेबी, खाट जरा कडसावलीत घे." आणि लगेच ओठ मिटून घेतले. मी खाट भिंतीलगत सरकवली आणि काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

आता माझेही केस पांढरे व्हायला लागलेत. वही माझ्याकडे आहे, खाकी कव्हरसकट. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, आणि भाकरी झाल्या की मी परातीला चिकटलेलं पीठ खरवडून तिच्यासाठी तळहाताएवढी एक करते, वर तिखट, मीठ आणि कच्चं तेल. परवा तिने विचारलं, "आई, याले काय म्हणतात?"

मी म्हटलं, "भाकर."